बंद दिव्याचा रोध

"आणि दिवा बंद असला तर?"

मुजावर सरांनी हे विचारलं आणि सगळा वर्ग हसला.

फळ्यावर गणित पुरं झालं होतं. दोनशे तीस व्होल्ट, पॉइंट सव्वीस अँपिअर. व्होल्टेजला करंटनं भागायचं, रोध मिळतो. दोन्हींचा गुणाकार करायचा, शक्ती मिळते. पुष्पलता मगदूमनं जागेवरूनच उत्तर सांगितलं होतं. रोध आठशे पंच्याऐंशी ओहम, शक्ती साठ वॅटला थोडी कमी. म्हणजे आपला घरातला साधा साठचा बल्ब. सरांनी ते फळ्यावर लिहिलं, हात झटकला, आणि मग हा प्रश्न.

"बंद असला तर काय सर?" पुष्पा उभी राहिली. "तार तीच असते. रोध तोच राहणार."

"राहणार?"

"राहणारच."

सरांनी टेबलाखालून पिशवी काढली. पिशवीत एक साठचा बल्ब होता आणि एक काळं मीटर. मीटर बघून पुष्पाचे कान तापले. ते तिच्या वडिलांचं होतं.

आप्पासाहेब मगदूम पॉवरहाऊसमध्ये ऑपरेटर. धरणाच्या पाण्यावर डोंगराच्या पोटात वीज तयार व्हायची, आणि डोंगराच्या पायथ्याशी ती तयार करणाऱ्यांची कॉलनी. एकसारखी बैठी घरं, हिरवी दारं, तांबड्या मातीचे रस्ते. भोंगा झाला की अर्धी कॉलनी कामाला जायची आणि अर्धी घरी यायची. शनिवारी मैदानावर पडदा बांधून सिनेमा. पाऊस चार महिने कोसळायचा, आणि कपडे वाळवायला बायका खोलीत शंभरचा बल्ब लावून ठेवायच्या. सगळ्यांची मुलं एकाच शाळेत. त्या शाळेत विज्ञानाला शिक्षक मिळेना, म्हणून इतिहासाचे दस्तगीर मुजावर सर अकरावीला विज्ञान शिकवत होते. अकरावी म्हणजे तेव्हाची मॅट्रिक.

सर आदल्या संध्याकाळी धडा वाचून यायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अडलं तर पॉवरहाऊसच्या माणसांना गाठून विचारायचे. पुष्पाच्या घरी तर आठवड्यातून दोनदा. ते ओसरीवर पुस्तक उघडून बसायचे आणि आप्पासाहेब बनियनवरच त्यांना अँपिअर समजावून सांगायचे. आपले शिक्षक आपल्याच वडिलांकडून शिकून जातात आणि दुसऱ्या दिवशी तेच आपल्याला शिकवतात... आत चहा टाकताना पुष्पाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सरांनी मीटरच्या दोन तारा बल्बच्या दोन टोकांना लावल्या. काटा हलला आणि थांबला.

"वाच."

पुष्पा पुढे गेली. वाकून बघितलं.

"साठ."

"वॅट?"

"ओहम. साठच्या जरा पुढं."

"आणि तू किती काढलास?"

वर्ग आता हसत नव्हता.

"मीटर बिघडलंय सर."

"असेल."

ते इतक्या सहज म्हणाले की तिला जास्तच राग आला. सरांनी पिशवीतून दुसरा बल्ब काढला. काटा पुन्हा तिथंच.

"तुझं गणित बरोबर आहे ना?"

"शंभर टक्के."

"मलाही तसंच वाटतं." सर काट्याकडे बघत राहिले. "मग हे काय आहे, मला कळत नाही. तुला कळलं तर सांगशील मला?"

तास संपल्याची घंटा झाली.

मास्तरांनी भर वर्गात "मला कळत नाही" म्हणावं, हे त्या शाळेत कधी कोणी ऐकलं नव्हतं. मुलं मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल करत होती. पुष्पाला हसू आलं नाही. मॅट्रिकचं वर्ष होतं. तिला इंजिनिअर व्हायचं होतं, आणि हे तिनं अजून घरातसुद्धा धड सांगितलं नव्हतं. अशा माणसाच्या हाती विज्ञान राहिलं तर आपलं काय होणार?

त्याच दुपारी तिनं अर्ज लिहिला. सुवाच्य अक्षरात, समास सोडून. 'विज्ञान विषयास त्या विषयाचे जाणकार शिक्षक मिळावेत, ही नम्र विनंती.' वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि हेडमास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

अर्ज दिला, पण तो साठचा काटा काही डोक्यातून जाईना.

रविवारी तिनं वडिलांकडे मीटर मागितलं. स्वयंपाकघरातला बल्ब काढला, न्हाणीघरातला काढला, ओसरीवरचा काढला. शेजारच्या काकूंकडून कपडे वाळवायचा शंभरचा मागून आणला. शंभरचा रोध गणितानं पाचशेच्या वर यायला हवा होता. काटा चाळिसावर.

"आप्पा, मीटर बिघडलंय तुमचं."

"मीटरला काय झालंय? रोज कामाला घेऊन जातोय मी." आप्पासाहेब दाढी करत होते. "बल्ब लाव आधी परत जागेवर. आई अंधारात भाकरी थापती आहे."

"मग गणित का जुळत नाही?"

"तुझं गणित पेटलेल्या बल्बचं ना?"

"हो."

"मग पेटलेल्याचं मोज की."

"मोजू?"

"अगं ए!" आप्पासाहेबांचा वस्तरा थांबला. "चालू बल्बला ओहमचं मीटर लावू नकोस हां. मीटर जाईल, आणि तूही जाशील."

पुष्पा हातात मीटर घेऊन उभी राहिली. पेटलेल्याला मीटर लावता येत नाही. मग तो मोजायचा कसा? उत्तर तिनं शंभर वेळा पाठ म्हटलं होतं. व्होल्टेज मोजायचं, करंट मोजायचा, भागाकार करायचा. पण तिनं आजवर तो भागाकार फक्त कागदावर केला होता. व्होल्टमीटरला तिचा हातही लागला नव्हता.

प्रयोगशाळेची किल्ली मुजावर सरांकडे होती.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. अर्जाची आठवण होती, म्हणून तिनं मान वर केली नाही.

"सर, मला जरा मोजून बघायचं होतं."

"मलाही," सर म्हणाले आणि खिशातून किल्ली काढली.

प्रयोगशाळा म्हणजे एक खोली आणि काचेचं एक कपाट. कपाटात पाली मेलेल्या होत्या. व्होल्टमीटर होता, अॅमीटर होता, करंट कमीजास्त करायचा सरकता रिओस्टॅट होता. सगळ्यावर धूळ. सरांनी धोतराच्या सोग्यानं एकेक वस्तू पुसली. घरच्या विजेवर प्रयोग करायचा नाही, असं आप्पासाहेबांनी बजावून सांगितलं होतं, म्हणून सरांनी हातबॅटरीतला छोटा बल्ब आणि तिचे सेल आधीच आणून ठेवले होते. कोणती तार कुठं लावायची हे दोघांनी मिळून पुस्तकातल्या चित्रावरून ठरवलं. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा काटे हलले.

"सांग."

"पॉइंट दोन व्होल्ट. पॉइंट एक अँपिअर." बल्ब पेटलाही नव्हता. "म्हणजे रोध दोन ओहम. शक्ती पॉइंट शून्य दोन वॅट."

"पुढं."

तिनं रिओस्टॅट सरकवला. बल्बमध्ये तांबूस रेघ दिसली.

"एक व्होल्ट. पॉइंट दोन अँपिअर. पाच ओह..."

ती थांबली.

"काय झालं?"

"पाच कसा होईल सर? आत्ता दोन होता."

"मला काय विचारतेस? पुढं सरकव."

तिनं सरकवला. बल्ब लख्ख पेटला.

"दोन पॉइंट चार. करंट पॉइंट तीन." ती बोटांवर मोजत राहिली. "आठ ओहम. शक्ती पॉइंट बहात्तर वॅट. सर... व्होल्टेज बारा पट झालं आणि करंट तिप्पटच. काहीतरी अडवतंय त्याला."

"काय अडवतंय?"

"तार तीच आहे. लांबी तीच, जाडी तीच. काहीच बदललं नाही सर. काहीच नाही..."

सर बल्बकडे वाकले. मग त्यांनी हात पुढे केला आणि तो बल्ब सरळ चिमटीत धरला.

"स्स!"

हात मागे घेतला. बोटं तोंडात घातली.

"पोळतोय गं," ते म्हणाले.

पुष्पानं त्यांच्या बोटांकडे बघितलं, मग बल्बकडे.

मग तिनं रिओस्टॅट पूर्ण मागे नेला. बल्ब विझला. थांबली. बोट लावून बघितलं. अजून ऊन होता. पुन्हा थांबली. गार झाल्यावर काट्यांकडे बघितलं. दोन ओहम. पुन्हा पेटवला. आठ. पुन्हा विझवला.

"सर," ती म्हणाली. "मीटरही बरोबर होतं. गणितही बरोबर होतं. गार बल्ब निराळा आणि तापलेला निराळा. तापला की तो जास्त अडवतो."

सर मोठ्यानं हसले. लहान मुलाला फुगा मिळाल्यावर ते हसतं तसं. बाहेरून जाणाऱ्या शिपायानं आत डोकावून बघितलं. सरांनी त्यालाही आत बोलावलं आणि पुष्पाला सगळं पहिल्यापासून पुन्हा करायला लावलं. शिपायाला काही कळलं नाही, पण बल्ब पेटला तेव्हा तोही हसला.

"आता हे सांग," शिपाई गेल्यावर सर म्हणाले. "तापल्यावर तो जास्त का अडवतो?"

पुष्पानं खिडकीकडे बघितलं.

वर्गात उभं राहून उत्तर दिलं नाही असं तिचं कधी झालं नव्हतं. खिडकीबाहेर धरणाच्या खालच्या पात्रातून पाणी वाहत होतं. कॉलनीत तो आवाज रात्रंदिवस असायचा, म्हणून कोणाला ऐकू यायचा नाही. तिला तो त्या वेळी ऐकू आला.

"माहीत नाही सर."

"मलाही नाही," सर म्हणाले, आणि वस्तू कपाटात ठेवू लागले. व्होल्टमीटर त्यांनी पुन्हा एकदा पुसला.

कुलूप लावताना पाठमोरे असतानाच ते म्हणाले,

"तुझं अक्षर सुरेख आहे मगदूम."

पुष्पाला क्षणभर कळेना. मग कळलं.

"सर, मी तो अर्ज परत..."

"कशाला? त्यात खोटं काय लिहिलंयस?"

"पण आज..."

"मॅट्रिकचं वर्ष आहे," सर म्हणाले. त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि ते सायकलकडे चालू लागले. भाजलेलं बोट अजून वर धरलेलं होतं.

पंधरवड्यात नवे शिक्षक आले. देवस्थळी सर, बी.एस्सी. हुशार माणूस. तास सुरू होताच बोलायला लागायचे आणि घंटा झाली की थांबायचे. सगळ्या पोर्शनच्या नोट्स त्यांनी दिल्या. पुष्पानं पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं, की तापल्यावर रोध का वाढतो.

"तापमानानुसार वाढतो. तसा नियम आहे. लिहून घ्या."

"पण का वाढतो सर?"

"ते पुढं कॉलेजात शिकवतील. परीक्षेत येत नाही."

त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. परीक्षेत आलं नाही. पुष्पा तालुक्यात पहिली आली. तिचं बक्षीस होतं त्या दिवशी मुजावर सर मागच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. देवस्थळी सर आल्यापासून ते पुन्हा इतिहासच शिकवत होते. शाळेचे उरलेले महिने व्हरांड्यातून जाताना त्यांच्या वर्गातला हशा ऐकू यायचा, आणि तिची पावलं हळू व्हायची. आत जाऊन काहीतरी बोलावं असं रोज वाटायचं. काय बोलावं ते सुचायचं नाही. मग एक दिवस कळलं, की सरांची बदली झाली.

वडिलांना तिनं शेवटी सांगितलं. इंजिनिअर व्हायचंय. आई रडली, आणि जूनमध्ये दोघं तिला होस्टेलवर सोडून आले. वर्गात ती एकटी मुलगी. दुसऱ्या वर्षी एका तासाला प्राध्यापकांनी दोन वाक्यांत ते सांगून टाकलं. तापमान वाढलं की तारेतले कण जागच्या जागी जास्त थरथरतात, आणि वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांना जास्त धडकतात. बाकीची मुलं खाली मान घालून लिहीत होती. पुष्पानं लिहिलं नाही. तिनं इकडे तिकडे बघितलं. कोणालातरी सांगायला हवं होतं... शेजारचं बाक रिकामं होतं.

त्या सुट्टीत सरांकडे जायचं, असं तिनं ठरवलं. पुढच्या सुट्टीतही ठरवलं. मग नोकरी लागली. सबस्टेशनं, बदल्या, लग्न, मुलं, आप्पांचं आजारपण. तिच्या सहीशिवाय निम्म्या जिल्ह्याची वीज चालू होत नाही असे दिवस आले, आणि गेलेही.

निवृत्त झाल्यावर एकदा ती कॉलनीत गेली. कॉलनी उठत आली होती. हिरव्या दारांना कुलपं, रस्त्यावर गुडघाभर गवत. शाळेच्या खोल्यांची कौलं उतरवली होती. प्रयोगशाळेच्या खिडकीतून तिनं आत बघितलं. खोली रिकामी. बाहेर पाण्याचा आवाज तसाच होता. ती बराच वेळ ऐकत उभी राहिली. मग ड्रायव्हरला म्हणाली, गाडी मिरजेकडे घे.

मिरजेच्या पुढं एका ओढ्याकाठी सरांचं गाव; निवृत्तीनंतर ते तिथंच असतात, हे तिनं कधीचं ऐकून ठेवलं होतं. गावाच्या कडेला छोटा दर्गा, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या दर्ग्याची व्यवस्था बघणारं मुजावरांचं घर. सर ओट्यावर बसले होते. खूप म्हातारे झाले होते. डोळ्यांवर जाड काचा. सून बाजूला बसून सुपात शेंगदाणे पाखडत होती.

"सर, मी पुष्पलता."

"कोण?"

"मगदूम."

सरांनी मान वर केली.

"आप्पासाहेबांची?"

"हो सर."

"आहेत का ते?"

"नाहीत. गेले."

सरांनी चष्मा काढून पुसला.

"मला अँपिअर त्यांनी शिकवला," ते म्हणाले. "तू काय करतेस?"

"विजेच्या कंपनीत होते सर. आता रिटायर झाले."

"म्हणजे हे..." सरांनी दारावरच्या दिव्याकडे बोट केलं. "हे तुमच्याकडून यायचं?"

"आमच्याकडून."

"मध्ये मध्ये जातात गं," सर म्हणाले, आणि दोघंही हसली.

चहा आला. चहा पिऊन झाला. पुष्पाला अर्जाबद्दल बोलायचं होतं. रस्ताभर तिनं वाक्यं जुळवली होती. पण सरांचा चेहरा इतका निवांत होता की त्यातलं एकही तोंडातून बाहेर येईना. तिच्या तोंडून वेगळंच आलं.

"सर, तापल्यावर तो जास्त का अडवतो ते मला कळलंय."

सरांना नीट ऐकू आलं नसावं असं तिला वाटलं. पण ते हळूहळू पुढे सरकून बसले.

"का गं?"

पुष्पानं आजूबाजूला बघितलं. मग सुनेच्या हातातलं सूप मागून घेतलं. शेंगदाणे सगळ्या सुपात जरा जरा अंतरावर पसरले. अंगणात चिंचोके पडले होते, त्यातला एक उचलला.

"हे दाणे म्हणजे तारेतले कण. जागचे हलत नाहीत. आणि हा चिंचोका म्हणजे करंट. त्याला पलीकडे जायचंय."

तिनं सूप जरा कलतं केलं. चिंचोका दाण्यांच्या मधून वाट काढत घरंगळत गेला.

"गार असताना असं. आता तार तापली. दाणे जागच्या जागी थरथरायला लागले. सर, सूप हलवा तुम्ही."

सरांनी दोन्ही हातांनी सूप धरलं. हात तसेही थरथरत होतेच. दाणे उड्या मारायला लागले. चिंचोका एका दाण्याला धडकला, मागे आला, दुसऱ्याला धडकला, अडकला, निसटला, पुन्हा अडकला.

"अगं बाई, दाणे सांडतील अब्बा!" सून म्हणाली.

"सांडू देत," सर म्हणाले. "अजून तापव गं."

पुष्पानंही सूप धरलं. दोघांनी मिळून हलवलं. दाणे ओट्यावर पडले, अंगणात पडले. कोंबड्या धावत आल्या. सर मोठ्यानं हसत होते, त्यांचा चष्मा नाकावर घसरला होता, आणि चिंचोका काही केल्या पलीकडे जाईना.

"म्हणून," पुष्पा धापा टाकत म्हणाली. "म्हणून तो जास्त अडवतो."

सूप थांबलं. दर्ग्यावर ऊन उतरलं होतं. सून पुटपुटत दाणे वेचू लागली. पुष्पाही खाली बसून तिला मदत करू लागली, आणि दाणे वेचता वेचता तिनं वर बघितलं.

"कळलं ना सर?"

सरांनी सुपातला चिंचोका उचलून तळहातावर घेतला.

"तू सांगत होतीस, तोवर कळत होतं," ते म्हणाले.